दुकानातला उजेड आणि घरातला टीव्ही

शहरी कुटुंब ज्या वस्तूंवर एकरकमी मोठा पैसा खर्च करते, त्यांत दूरचित्रवाणी संच, फ्रिज, धुलाई यंत्र आणि वातानुकूलन यंत्र यांचा क्रम बराच वरचा लागतो. एकदा घेतलेला फ्रिज दहा-बारा वर्षे स्वयंपाकघरात ठाण मांडून असतो. भाजी खराब निघाली तर दुसऱ्या दिवशी भाजीवाला बदलता येतो; फ्रिजच्या बाबतीत ती सोय नाही. तरीही या खरेदीचा निर्णय बहुधा तासाभरात आणि दुकानात उभ्या उभ्या होतो. त्या तासाभरात ग्राहकाला आधी काय दिसावे, नंतर काय दिसावे, कोणती वस्तू कोणत्या वस्तूशेजारी असावी आणि कोणी येऊन बोलावे, हे सारे आधीच ठरलेले असते. ही रचना कशी घडली आणि तिच्यामागे कोणाचा पैसा असतो, हे ठाऊक असलेला ग्राहक त्याच दुकानातून थोड्या वेगळ्या नजरेने फिरतो.

काउंटरचे दिवस

मोठी दालने येण्यापूर्वी या वस्तूंचे दुकान म्हणजे एक काउंटर, त्यामागे मालक आणि मालकामागे खोक्यांची चळत असे. १९८२ साली दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने देशात रंगीत प्रक्षेपण सुरू झाले आणि दूरचित्रवाणी संचांची मागणी वाढली. पण दुकानात चालू स्थितीत ठेवलेले संच मोजकेच असत. ऑनिडा, व्हिडिओकॉन, बीपीएल अशा ठरावीक नावांतून निवड करायची, ती मालकाच्या शब्दावर. 'हा घ्या, तक्रार येणार नाही' हे त्याचे वाक्य हीच हमी. मुंबईत ज्याला आजही सर्वजण लॅमिंग्टन रोड म्हणतात तो डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग किंवा पुण्यातील बुधवार पेठेतली तपकीर गल्ली येथे या पद्धतीच्या खुणा अजून दिसतात. अरुंद गाळा, टोकापर्यंत भरलेला माल, मागितल्याशिवाय काही पुढे न येणे आणि भावाची घासाघीस असा तो मामला.

त्या पद्धतीविषयी हळहळण्याचे फारसे कारण नाही. ज्याला भाव ठाऊक नसे तो अधिक पैसे मोजून बाहेर पडे, आणि एकटी गेलेली स्त्री किंवा बुजरा गिऱ्हाईक यांना तर वस्तू हातात घेऊन पाहण्याचीही चोरी असे. मात्र एक गोष्ट स्पष्ट होती. तुलना करून सांगण्याचे काम दुकानदार करीत असे, आणि तो कोण, कोठला, त्याचा फायदा कशात, याचा अंदाज गिऱ्हाईकाला असे. पुढे काउंटर गेला, माल मोकळा झाला; तुलनेचे ते काम मात्र मांडणीकडे गेले.

अमेरिकेतला बदल

या मांडणीचे मूळ अमेरिकेत सापडते. मिनेसोटा राज्यात १९६६ साली रिचर्ड शुल्झ यांनी 'साउंड ऑफ म्युझिक' नावाने ध्वनियंत्रणांचे दुकान काढले. जून १९८१ मध्ये रोझव्हिल येथील त्यांच्या दुकानाला चक्रीवादळाचा तडाखा बसला, तेव्हा वाचलेला माल वाहनतळावर मांडून त्यांनी तो स्वस्तात विकला. गर्दी लोटली. ढिगाने मांडलेला माल, कमी भाव आणि मोकळी जागा यांची ताकद तेथे दिसली. १९८३ मध्ये कंपनीचे नाव 'बेस्ट बाय' झाले. पण खरा बदल १९८९ चा. गोदामासारखे लखलखीत उजेडाचे दालन, सगळा माल दालनातच आणि विक्रीवर कमिशन न घेणारे, ठरावीक पगारावरचे कर्मचारी, अशी नवी पद्धत कंपनीने आणली. तोवर या धंद्यात एक जुनी चाल रूढ होती. जाहिरातीत स्वस्त संच दाखवायचा आणि त्यासाठी आलेल्या गिऱ्हाईकाला दुकानातल्या कमिशनवाल्या विक्रेत्याने महागड्या संचाकडे वळवायचे. कमिशनच काढून टाकल्यावर या वळवण्याला कारण उरले नाही. ग्राहकांना ते आवडले.

स्पर्धक 'सर्किट सिटी'ची कथा याच्या उलट दिशेने गेली. कमिशनची पद्धत तिने २००३ मध्ये सोडली. मार्च २००७ मध्ये मात्र खर्च कमी करण्यासाठी तिने अधिक पगार घेणारे, म्हणजे पर्यायाने अनुभवी, असे सुमारे ३,४०० कर्मचारी एका फटक्यात कमी केले. दालने, दिवे, फलक सारे होते तसेच राहिले. माहिती सांगणारी माणसे गेली. नोव्हेंबर २००८ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि २००९ मध्ये तिची दुकाने बंद झाली. त्या वर्षीची आर्थिक मंदी हेही कारण होते. परंतु मांडणी आणि माणूस यांपैकी माणूस काढून घेतला तर काय होते, याचे उदाहरण म्हणून या धंद्यातले लोक आजही सर्किट सिटीचे नाव घेतात.

मुंबईत दालने आली

आपल्याकडे १९९० नंतरच्या उदारीकरणाने निवडीची व्याप्ती वाढवली. सॅमसंग १९९५ मध्ये आणि एलजी १९९७ मध्ये भारतात उतरली. एका कंपनीचे दोन-तीन संच होते तेथे डझनाने मॉडेल आली. काउंटरमागच्या फळीवर ती मावेनात आणि मालकाच्या तोंडी राहीनात. माहीममध्ये १९६७ साली एका लहान दुकानापासून सुरू झालेल्या 'विजय सेल्स'सारख्या पेढ्या याच काळात मोठ्या दालनांकडे वळल्या. २००६ मध्ये टाटा समूहाच्या इन्फिनिटी रिटेलने जुहू येथे 'क्रोमा'चे पहिले दालन उघडले. त्याला ऑस्ट्रेलियातील वूलवर्थ्स कंपनीचे तांत्रिक साह्य होते. पुढच्याच वर्षी 'रिलायन्स डिजिटल' आले. फ्यूचर समूहाचे 'ईझोन'ही याच पिढीतले. ते समूहाबरोबर मावळले.

या दालनांनी ग्राहकाला एक मोठा हक्क दिला, तो म्हणजे विकत न घेता फिरण्याचा. फोन हातात घ्यावा, फ्रिजचे दार उघडावे, धुलाई यंत्राच्या टोपात डोकावावे आणि काही न घेता बाहेर पडावे. कोणी हटकत नाही. वातानुकूलित जागा, छापील किमती, पक्के बिल या सोयी वेगळ्याच. आज त्या इतक्या अंगवळणी पडल्या आहेत की त्यांचे महत्त्व जाणवत नाही.

दारापासून आतपर्यंत

दुकानातील ग्राहकांच्या हालचालींचा अभ्यास करणारे अमेरिकेतील पॅको अंडरहिल यांचे 'व्हाय वुई बाय' हे पुस्तक १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. दारातून आत आल्यावर पहिल्या काही पावलांत माणूस आजूबाजूचे फारसे टिपत नाही, असे त्यांचे निरीक्षण आहे. रस्त्यावरच्या उजेडातून आलेले डोळे स्थिरावत असतात, चालण्याचा वेग उतरत असतो. म्हणून दाराला लागून ठेवलेला फलक वाया जातो आणि त्यानंतरची जागा सर्वांत मोलाची ठरते.

बहुतेक दालनांत त्या जागेवर मोबाईल फोन असतात. ज्यांना काही घ्यायचे नाही तेही फोन पाहायला थांबतात, आणि आत चार माणसे दिसली की पाचवा आत येतो. फ्रिज, धुलाई यंत्रे, वातानुकूलन यंत्रे मागे किंवा वरच्या मजल्यावर जातात. फ्रिज घ्यायला आलेले कुटुंब ठरवून आलेले असते. ते जिना चढते. त्या वाटेत त्याला टीव्हीची भिंत ओलांडावी लागते.

टीव्हीची भिंत

संपूर्ण दालनात ग्राहकाच्या डोळ्यांची सर्वाधिक फसगत होते ती येथे. पंचवीस-तीस संच एकाशेजारी एक चालू असतात आणि सर्वांवर बहुधा एकच चित्रफीत फिरत असते. पाण्याचे थेंब, पोपटाची पिसे, काळ्या पार्श्वभूमीवर उमलणारे फूल. अशा चित्रफिती संचाची ताकद दिसावी म्हणूनच बनवलेल्या असतात. त्यांत हालचाल संथ असते, रंग गडद असतात, आणि क्रिकेटच्या सामन्यात वेगाने जाणारा चेंडू कसा दिसेल हे त्यांवरून मुळीच कळत नाही.

दुसरी गोष्ट उजेडाची. दालनातला प्रकाश घरातील संध्याकाळच्या प्रकाशापेक्षा अनेक पटींनी प्रखर असतो. त्या उजेडात नैसर्गिक रंगांचा संच फिका आणि मेलेला वाटतो. म्हणून दुकानातील संच ज्या अवस्थेत चालतात तीत प्रकाश कमाल पातळीवर, रंग भडक आणि पांढरा रंग निळसर केलेला असतो. शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन पडद्यांपैकी जो अधिक उजळ आणि निळसर, तो 'अधिक स्वच्छ' वाटणे ही डोळ्याची स्वाभाविक प्रवृत्ती आहे. चित्रपट ज्या रंगांत तयार होतो, त्यांचा मानक पांढरा रंग मात्र बराच उबदार, साधारण ६,५०० केल्व्हिनचा असतो. म्हणजे दुकानात जिंकलेला संच दिग्दर्शकाने पाहिलेल्या चित्रापासून सर्वांत दूरचाही असू शकतो. ध्वनीचेही तेच. दोन स्पीकरपैकी ज्याचा आवाज किंचित मोठा, तो कानाला सरस वाटतो. म्हणून तुलना करताना दोन्हींचा आवाज आधी सारखा करून मागावा.

यावर उपाय अगदी साधा आहे आणि त्याला कोणी नाही म्हणत नाही. जे दोन संच मनात भरले आहेत, त्यांचे चित्र 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' या अवस्थेत लावून दाखवण्यास सांगावे. सेट टॉप बॉक्सवरचा एखादा साधा मराठी वाहिनीचा कार्यक्रम किंवा पेन ड्राइव्हवर आणलेला सामन्याचा तुकडा लावावा. बाजूला सरकून तिरप्या कोनातूनही पाहावे, कारण घरी सोफ्याच्या टोकाला बसणारा कोणीतरी असतोच. पाच मिनिटांत त्या दोन संचांचे खरे अंतर कळते, आणि पुष्कळदा ते किमतीतील अंतराच्या मानाने फारच थोडे निघते.

तिसरी फसगत आकाराची. पंधरा फूट उंचीच्या दालनात, सत्तर इंची संचाशेजारी ठेवलेला ४३ इंची संच खेळण्यासारखा दिसतो. घरी मुंबईच्या दिवाणखान्यात तोच भिंत व्यापतो. इंच हे कर्णाचे माप असल्याने अंदाज आणखी चुकतो. प्रत्यक्षात ४३ इंची पडद्याची रुंदी सुमारे ९५ सेंटीमीटर, तर ५५ इंचीची सुमारे १२२ आणि उंची ६८ सेंटीमीटर. जुन्या वर्तमानपत्राची पाने चिकटवून या मापाचा आयत भिंतीवर लावून पाहिला तर दालनातल्या कोणत्याही सल्ल्यापेक्षा तो अधिक उपयोगी पडतो.

मधला संच

प्रत्येक रांगेत एखादा अतिमहाग संच का ठेवलेला असतो, असा प्रश्न अनेकांना पडतो. तो फारसा विकला जात नाही, जागा मात्र चांगली अडवतो. याचे उत्तर इतामार सायमनसन आणि आमोस ट्वेर्स्की या अभ्यासकांच्या १९९२ मधील संशोधनात मिळते. त्यांनी काही लोकांपुढे मिनोल्टा कंपनीचे दोन कॅमेरे ठेवले, एक सुमारे १७० डॉलरचा आणि दुसरा २४० डॉलरचा. पसंती निम्मी-निम्मी विभागली गेली. दुसऱ्या गटापुढे याच दोघांबरोबर ४७० डॉलरचा तिसरा कॅमेरा ठेवला. आता मधल्या कॅमेऱ्याला ५७ टक्के पसंती मिळाली आणि सर्वांत स्वस्ताची २२ टक्क्यांवर घसरली. मधल्या कॅमेऱ्यात काहीही बदललेले नव्हते. बदलले होते त्याचे शेजारी.

हा 'मधला घेऊ या' विचार आपल्याकडे तर घरोघरी संस्कारासारखा आहे. अगदी स्वस्त नको, अगदी महाग परवडत नाही. त्यामुळे रांगेत कोणते तीन संच ओळीने ठेवायचे हे ज्याच्या हाती, त्याच्या हाती मधल्या संचाची निवडही बऱ्याच अंशी जाते. किंमत किती, हे घरून कागदावर लिहून नेले तर 'मधला' म्हणजे कोणता हे दुकानाला ठरवता येत नाही.

शेजारी येऊन बोलणारा कोण?

भारतीय दालनांत टीव्हीसमोर थांबल्यावर मिनिटभरात एखादा तरुण येतो आणि नम्रपणे माहिती सांगू लागतो. ग्राहक त्याला दुकानाचा माणूस समजतो. पुष्कळदा तो कंपनीचा माणूस असतो. या धंद्यात त्याला 'प्रमोटर' म्हणतात. त्याचा पगार संच बनवणारी कंपनी देते आणि त्याच्यापुढे महिन्याचे विक्रीचे लक्ष्य असते. शर्टावरच्या बोधचिन्हावरून तो ओळखू येतो, पण तिकडे लक्ष किती जणांचे जाते? दुकानालाही ही व्यवस्था सोयीची पडते. दालनात माणसे भरपूर, पगाराचा बोजा दुसऱ्यावर. बेस्ट बायने १९८९ मध्ये जे कमिशन मागल्या दाराने घालवले, ते येथे पुढल्या दाराने आत आले, असे म्हणावे लागेल.

जपानमध्ये हाच प्रश्न कायद्यापर्यंत गेला. तेथील मोठ्या विद्युत उपकरणांच्या दुकानांत उत्पादक कंपन्यांनी आपली माणसे पाठवण्याची प्रथा जुनी आहे. त्या देशाच्या स्पर्धा आयोगाने २००८ मध्ये 'यामादा डेन्की' या बड्या साखळीला पुरवठादारांकडून अशी माणसे मागवण्याबद्दल समज देणारा आदेश काढला. त्या आदेशामागची चिंता मुख्यतः पुरवठादारांची होती. मोठे दुकान आपल्या वजनाने त्यांना वाकवते, ही. ग्राहकाला चुकीचा सल्ला मिळतो काय, हा मुद्दा तेथेही मागेच राहिला.

प्रमोटर खोटे बोलतो असे मुळीच नाही. आपल्या कंपनीच्या मालाविषयी त्याला दुकानाच्या व्यवस्थापकापेक्षा अधिक ठाऊक असते आणि दिवसाचे दहा-दहा तास उभे राहून तो ते शंभर वेळा सांगतो. फक्त त्याला काय विचारावे हे ग्राहकाने ठरवायला हवे. 'यांपैकी कोणती कंपनी चांगली?' हा प्रश्न त्याच्यापुढे निरर्थक आहे. 'तुमच्याच कंपनीच्या या दोन संचांत आठ हजारांचा फरक कशाचा?' या प्रश्नाचे उत्तर मात्र तो बहुधा प्रामाणिकपणे आणि नेमके देतो, कारण दोन्ही विक्री त्याचीच असते.

दालनातील भाडोत्री कोपरे

ऑनलाइन खरेदी वाढल्यावर दालनांपुढे नवे संकट उभे राहिले. लोक येत, वस्तू हाताळत आणि घरी जाऊन संगणकावरून मागवत. अमेरिकेत २०१२ च्या सुमारास बेस्ट बायही याच कारणाने मोडकळीस येणार, अशी भाकिते होत होती. त्या वर्षी सूत्रे हाती घेतलेल्या ह्युबर्ट जोली यांनी ऑनलाइन भावाशी बरोबरी करण्याचे धोरण स्वीकारले, आणि २०१३ मध्ये सॅमसंगसारख्या कंपन्यांना दालनातच स्वतःची स्वतंत्र दुकाने थाटू दिली. लोक वस्तू पाहायलाच येत असतील तर ती दाखवण्याची किंमत उत्पादकाकडून घ्यावी, असा तो व्यवहार होता. आपल्याकडच्या दालनांतही आता ठळक नावांचे वेगळ्या रंगाचे, वेगळ्या दिव्यांचे कोपरे दिसतात. असा कोपरा मोठा आणि देखणा असण्याचा अर्थ तेथील वस्तू चांगली, असा लावू नये; जागेचा व्यवहार मोठा, एवढाच तो अर्थ.

ॲपलने दुसरी वाट धरली. १९ मे २००१ रोजी व्हर्जिनियातील टायसन्स कॉर्नर आणि कॅलिफोर्नियातील ग्लेनडेल येथे तिची पहिली दोन दुकाने उघडली. कंपनीच्या मुख्यालयाजवळच्या एका गोदामात आधी संपूर्ण नमुना दुकान उभारले गेले होते. ते जवळजवळ तयार झाल्यावर रॉन जॉन्सन यांनी वस्तूंच्या प्रकारांनुसार केलेली मांडणी चुकीची असून ती लोक त्या वस्तूंनी काय करतात यानुसार हवी, असा आग्रह धरला, आणि सारे पुन्हा मांडले गेले. रुंद लाकडी टेबले, मोजक्याच वस्तू, सगळ्या चालू आणि इंटरनेटला जोडलेल्या. दुरुस्ती व सल्ल्यासाठी वेगळी बैठक. लॅपटॉपचा पडदा पुरता उघडलेला नसतो, त्यामुळे नीट दिसावा म्हणून ग्राहक त्याला आपोआप हात लावतो, असेही या दुकानांविषयी लिहिणाऱ्यांनी नोंदवले आहे. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात १८ एप्रिल २०२३ रोजी आणि पुण्यात कोरेगाव पार्क येथे सप्टेंबर २०२५ मध्ये ॲपलची दुकाने सुरू झाली. तेथील अनुभव सुखद असतो यात शंका नाही. पण त्या शांततेचे एक कारण असे की, मूळ उपकरणांत दुसरे नावच नसल्याने तुलना करण्याचे काम उरत नाही.

बिलाच्या टेबलापाशी

निवड झाली, की ग्राहकाची सावधगिरी सैल पडते. आणि खरी भर पडते ती येथेच. वाढीव वॉरंटी, स्टॅबिलायझर, भिंतीवर टांगायची चौकट, केबल, पडद्याला लावायची काच. पन्नास हजारांच्या आकड्यापुढे अडीच हजार किरकोळ वाटतात, आणि या जोडवस्तूंवर दुकानाचा नफ्याचा टक्का मुख्य वस्तूपेक्षा सहसा अधिक असतो. वाढीव वॉरंटी घेण्यापूर्वी ती कंपनीची, दुकानाची की विमा कंपनीची, आणि पडदा, कॉम्प्रेसर, गॅस यांतले काय तिच्यात येते, हे कागदावर वाचून घ्यावे. काउंटरवरची तोंडी यादी आणि छापील अटी यांत अंतर असू शकते.

किमतीच्या पाटीवर खोडलेला आकडा बहुधा कमाल किरकोळ किंमत असते. कायद्याने ती केवळ वरची मर्यादा आहे. तो बाजारभाव नव्हे. त्यामुळे तिच्यावर मिळालेल्या 'चाळीस टक्के सवलती'ने हुरळून जाण्याचे कारण नाही.

बिनव्याजी हप्त्यांचेही तसेच. शून्य टक्के व्याज अशी वस्तू अस्तित्वातच नसते, ही भूमिका रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मधील परिपत्रकात बँकांना स्पष्टपणे कळवली होती. त्यानंतर 'नो कॉस्ट' हप्त्यांची जी रीत रूढ झाली तीत व्याज आकारले जाते आणि तेवढी सूट किमतीत दाखवली जाते. क्रेडिट कार्डावरच्या हप्त्यांत व्याजावर वस्तू व सेवा कर लागतो, प्रक्रिया शुल्क निराळे. याचाच दुसरा अर्थ असा की, एकरकमी पैसे देणाऱ्याने ती व्याजाएवढी सूट रोखीवर मागण्यात काहीच गैर नाही. मागितली तर काही वेळा ती मिळते. न मागता कोणी देत नाही.

भ्रमणध्वनी क्रमांकाशिवाय बिल होणार नाही, हे उत्तरही अनेकांनी ऐकले असेल. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच विक्रेत्यांना अशी सक्ती न करण्याविषयी सूचना दिली होती. घरपोच वस्तूसाठी क्रमांक देणे सोयीचे असते, ही गोष्ट वेगळी. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ऑनलाइन मंचांवरील फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे आली. न मागितलेली वस्तू टोपलीत घुसवणे ही त्यांतील १३ निषिद्ध प्रकारांपैकी एक. संगणकाच्या पडद्यावरील मांडणीची एवढी बारकाईने दखल घेतली गेली. विटा-सिमेंटच्या दालनातील मांडणीकडे मात्र अजून तशा नजरेने कोणी पाहिलेले नाही. तोवर न मागता बिलात आलेली वॉरंटी वगळून घेण्याचे काम ग्राहकालाच करावे लागेल.

फ्रिज आणि एसी

या विभागात डोळ्यांची फसगत कमी आणि मापाची अधिक. दालनात फ्रिजच्या दोन्ही बाजू मोकळ्या असतात, दार पूर्ण उघडते. घरी शेजारी भिंत असेल तर दार नव्वद अंशांवर अडते आणि आतला खण बाहेर ओढता येत नाही. मागे व बाजूला हवेसाठी किती जागा हवी हे माहितीपुस्तिकेत लिहिलेले असते. ते मोजून, इमारतीच्या उद्वाहनाचे व घराच्या दाराचे मापही घेऊन जावे. एसीच्या बाबतीत चांदण्या मोजताना लेबलवरचा कालावधी वाचणे महत्त्वाचे, कारण ऊर्जा कार्यक्षमता विभाग ही मानके अधूनमधून कडक करतो. १ जुलै २०२२ पासून एसीची मानके बदलली तेव्हा आधीचा पंचतारांकित एसी चार चांदण्यांवर आला होता. जुना साठा सवलतीत निघतो तो अशा वेळी. चांदण्यांपेक्षा लेबलवर छापलेला वार्षिक युनिटांचा आकडा दोन यंत्रांची तुलना करायला अधिक भरवशाचा.

दालनात चालू असलेला नमुना संच स्वस्तात मिळत असेल, तर तो किती महिने चालू होता हे विचारावे. कमाल प्रकाशावर रोज दहा-बारा तास चाललेल्या पडद्याचे वय कॅलेंडरवरच्या वयापेक्षा अधिक असते. त्याची वॉरंटी बिलाच्या तारखेपासून धरली जाईल, असे बिलावरच लिहून घ्यावे.

२० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणे आणि सदोष वस्तू ठरलेल्या मुदतीत, मुदत ठरलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घेण्यास नकार देणे हे अनुचित व्यापारी प्रथेत मोडते. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. बिलावर मॉडेलचे पूर्ण नाव आणि अनुक्रमांक असेल तर पुढचे काम सोपे जाते.

संच घरी आल्यावर खोके तंत्रज्ञासमक्ष उघडावे आणि पडद्यावर तडा नाही ना, हे आधी पाहावे. पहिल्यांदा चालू करताना अनेक टीव्ही संच एक प्रश्न विचारतात, वापर घरी होणार की दुकानात. घाईत असलेल्या तंत्रज्ञाकडून कधी कधी दुसरा पर्याय दाबला जातो, आणि मग महिनोन्महिने घरात भडक चित्र, मधूनच उमटणाऱ्या जाहिरातवजा पट्ट्या आणि वाढीव वीज खर्च होत राहतो. तसे झाले असेल तर सेटिंग्जमध्ये जाऊन 'होम' हा पर्याय निवडावा आणि चित्राची अवस्था एकदा 'सिनेमा'वर करून पाहावी. पहिले दोन दिवस चित्र पिवळसर वाटते. मग डोळा सरावतो.